तुमी प्रेस काय पार्टी?

गेल्या महिन्यात गोव्यातल्या आमच्या गावच्या ग्रामसभेत एका माणसाने माझ्या भाच्याला हा प्रश्न विचारला, म्हणजे तुम्ही प्रेसवाले की पार्टीवाले, आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जातच नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसले.

झालं असं की रविवार, सकाळी साडेदहा, पंचायतीचं सभागृह, वर पंखे फिरतायत पण वारा खालपर्यंत येत नाही, आणि भाचा नि त्याचा मित्र मागच्या खिडकीपाशी ट्रायपॉड लावून उभे. त्यांचं छोटंसं यूट्यूब चॅनल आहे, अर्धं मराठी अर्धं कोंकणी. डावं आहे, ते स्वतःच तसं सांगतात. कंत्राटी कामगार, कुळांचे आणि मुंडकारांचे (म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्यांचे) रखडलेले खटले, डोंगरकापणी, शेतजमिनींचं कन्व्हर्जन, म्हणजे शेतीची जमीन बांधकामाची करून घेणं, हे त्यांचे विषय. पुढच्या रांगेतला एकजण मागे वळला आणि म्हणाला, "तुमी प्रेस काय पार्टी?" भाचा म्हणाला, "प्रेस." "कार्ड आसा?" कार्ड नव्हतंच. सचिव म्हणाले, जाऊंदी, आणि विषय तिथे संपला.

म्हणजे संपला असं मला वाटलं. दहा मिनिटांनी वाड्यामागच्या शेताचा विषय निघाला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते, आमच्या नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) नावाचं कलम घातलं, प्रादेशिक आराखड्यातली 'चूक दुरुस्त' करायची म्हणून शेत, बागायत, डोंगर एकेका सर्व्हे नंबराने सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे बांधकाम चालतं त्या झोनमध्ये, जायला लागले, २०२५ च्या मार्चमध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द केले, आणि आता गावागावात ३९अ ह्या झोन बदलायच्या दुसऱ्या कलमावरून तीच भांडणं चालू आहेत. तर हा विषय निघाल्यावर भाच्याने कॅमेरा मित्राकडे दिला, तरातरा पुढे गेला, माईक घेतला आणि सरपंचांना सहा-सात मिनिटं सोडलं नाही. चांगले प्रश्न होते, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. संध्याकाळी व्हिडिओ आला त्याचं हेडिंग होतं, 'संतप्त ग्रामस्थांनी सरपंचांना धरलं धारेवर'. ग्रामस्थ म्हणजे माझा भाचा. आणखी दोघंतिघं बोलले होते पण कापून कापून उरला होता मुख्यतः तोच, आणि खाली निवेदनाचा आवाजही त्याचाच.

मी फोन केला, म्हटलं हे काय. तो म्हणाला, "मावशे, हांव गांवचो न्हय?" आहेस रे बाबा, गावचाच आहेस, ग्रामसभेत बोलायचा तुझा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही. पण मग बातमीत तरी सांग की बोलणारा तूच आहेस. त्यावर त्याने मला ते सगळं ऐकवलं जे डाव्या पोरांना पाठ असतं, की निःपक्षपाती असं काही नसतंच, जो स्वतःला निःपक्ष म्हणवतो तो मालकाच्या पक्षाचा असतो, आणि तुझ्या पेपरने अकरा वर्षांत काय केलं ते सांग.

मला राग आला नाही, कारण त्यातलं बरंचसं मला पटतं. मी एका मराठी दैनिकात अकरा वर्षं डेस्कवर होते, प्रेसनोटा कापल्या, स्ट्रिंगरांच्या, म्हणजे गावोगावच्या बातमीदारांच्या, बातम्या पुन्हा लिहिल्या, रात्री दीड वाजेपर्यंत पानं लावली. २०१२ च्या सप्टेंबरात बेकायदा खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा त्यात होता, आधी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. त्यानंतरचे कित्येक महिने आमच्या पान १ वर काय जायचं, तर खाण-अवलंबित. ट्रकवाले, त्यांचे बँकेचे हप्ते, बार्जवाले, गॅरेजवाले, डिचोली-सांगे-केप्यातली घरं. ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, माझ्या नात्यातल्या दोघांचे ट्रक अंगणात गंजत होते. पण ज्या गावांत विहिरी आटल्या, ज्यांच्या शेतात लाल गाळ भरला, तेही बोलत होतेच की, स्ट्रिंगर लोक त्यांच्याही बातम्या पाठवायचे, आणि त्या पान ५ वर दोन कॉलमात जायच्या नाहीतर 'उद्या बघू' म्हणून राहायच्या. कोणी मला कधी फोन करून हे छापू नको म्हटलं नाही. गरजच नव्हती. गोव्यात खाणवाल्या घराण्यांनी वर्तमानपत्रं काढली हे काही गुपित नाही, 'गोमन्तक' चौगुल्यांनी सुरू केला, 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंप्यांचे. मी ज्या पेपरात होते त्याचं नाव नाही सांगत, पण अशा हवेत वाढलेल्या सगळ्यांनाच आपोआप कळतं कुठली बातमी वर जाते आणि कुठली खाली. तेव्हा बाजू नसलेला पेपर मी पाहिलेला नाही. बाजू न सांगणारा पाहिला आहे, त्यात नोकरी केली आहे.

आणि गोव्याच्या माणसाला तर हे वेगळं सांगायची गरजच पडू नये. आमच्या घरातली १९६७ ची गोष्ट आहे, मी जन्मायच्या आधीची, पण इतक्या वेळा ऐकलीय की पाहिल्यासारखी वाटते. जनमत कौल. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. आजोबा फोंड्याचे, कट्टर फूलवाले, घरी 'गोमन्तक' यायचा. पण रोज संध्याकाळी बाजारात न्हाव्याच्या दुकानात जाऊन ते 'राष्ट्रमत' वाचायचे, उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे ते तर शब्द न् शब्द, मोठमोठ्याने शिव्या देत. विचार करा, 'राष्ट्रमत' हा मराठी पेपर, मराठी वाचणाऱ्यांना मराठीतच सांगत होता की महाराष्ट्रात जाऊ नका. चंद्रकांत केणींनी तो पेपर त्या दिवसांत लढाईसारखा चालवला. समोर 'गोमन्तक' तितक्याच जोरात विलीनीकरणाच्या बाजूने. शेवटी १,७२,१९१ मतं वेगळं राहायला आणि १,३८,१७० विलीनीकरणाला, फरक ३४,०२१. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. पण 'राष्ट्रमत'ला पेपर मानायचं नाही, ते काही पत्रकार नव्हेत, असं ते कधी बोलल्याचं मला कोणी सांगितलेलं नाही. कोण कुठल्या बाजूला उभा आहे हे वाचणाऱ्याला माहीत होतं, लपवालपवी नव्हती, त्यामुळे वाचताना तो आपला हिशोब आपणच करायचा.

त्याच्याही मागे जा. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा चांदरचे, पॅरिसमध्ये शिकले, तिथल्या डाव्या पत्रांतून लिहिलं, १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली, १९४६ नंतर पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या सरकारने त्यांना पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात डांबलं, पुढे पोर्तुगालातून निसटून १९५३ मध्ये मुंबईला आले आणि आल्या आल्या काय केलं तर 'फ्री गोवा' नावाचं पत्र काढलं. किंवा लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई. १९५५ च्या नोव्हेंबरपासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत सीमेपलीकडच्या जंगलात राहून गुप्त रेडिओ चालवला, पोर्तुगीज आणि कोंकणीतून, कारण गोव्यात सेन्सॉरचा शिक्का बसल्याशिवाय काही छापता येत नव्हतं. सहा वर्षं जंगलात. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाल्याची घोषणा त्यांनी विमानातून केली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाची शंभरी उलटल्यावर. त्या पत्रकार होत्या की सैनिक? मला विचाराल तर दोन्ही, आणि त्यांनी कधी तिसरंच काही असल्याचा आव आणला नाही.

मराठीत तर चळवळ आणि पेपर ही जुळी भावंडंच आहेत. नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून 'दीनबंधू' चालवत होते आणि १८८४ मध्ये त्यांनीच गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सकाळी कामगारांची सभा घ्यायची, रात्री त्याच सभेची बातमी जुळवायची. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तोही एका समाजाची बाजू मांडायलाच. आणि हेच बाबासाहेब पुढे घटना समितीत म्हणाले की वृत्तपत्रस्वातंत्र्य वेगळं लिहायची गरज नाही, संपादक काय आणि साधा नागरिक काय, बोलण्याचा हक्क एकच. म्हणून आपल्या घटनेत प्रेससाठी वेगळं कलम नाही, जे आहे ते १९(१)(अ), सगळ्यांचं. तेव्हा त्या पुढच्या रांगेतल्या माणसाला कार्ड मागायचा तसा काही अधिकार नव्हता, ग्रामसभा कार्डवाल्यांची नव्हे.

इथपर्यंत भाचा खूश होता. मावशी आपल्या बाजूला आली असं त्याला वाटलं.

कार्डाचं मात्र सोडून देण्यासारखं नाही, कारण 'हा पत्रकार नव्हेच' हे वाक्य नुसतं टोमणा म्हणून वापरत नाहीत, त्यावर गुन्हे दाखल होतात. अमेरिकेत २०१६ मध्ये नॉर्थ डकोटात तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध तिथल्या मूळनिवासींचं आंदोलन चालू होतं, 'डेमोक्रसी नाऊ' ह्या बातम्यांच्या कार्यक्रमाच्या एमी गुडमन तिथे कॅमेरा घेऊन गेल्या, कंपनीच्या सिक्युरिटीवाल्यांनी आंदोलकांवर कुत्रे सोडले ते त्यांनी दाखवलं. त्यांच्यावर आधी बेकायदा प्रवेशाचा आणि मग दंगलीचा आरोप. तिथला सरकारी वकील म्हणाला की ही बाई आंदोलकच आहे, हिने जे दाखवलं ते सगळं आंदोलनाच्या समर्थनासाठी. म्हणजे तुमची बातमी एका बाजूची वाटली की तुम्ही पत्रकारच उरत नाही, आणि ते ठरवणार कोण तर खटला भरणारा. न्यायाधीशांनी तो आरोप उभाच राहू दिला नाही. आपल्याकडे 'न्यूजक्लिक' ह्या बातम्यांच्या वेबसाइटचं बघा. ३ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे दिल्लीत आणि इतरत्र पत्रकारांच्या घरी छापे, लॅपटॉप-मोबाईल जप्त, तिचे संपादक प्रबीर पुरकायस्थांना यूएपीए ह्या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक. परदेशातून कोणाचे पैसे आले हा आरोप होता, पण ज्यांची चौकशी झाली त्यांच्यातल्या अनेकांनी बाहेर येऊन सांगितलं की आम्हाला शेतकरी आंदोलनावर बातम्या केल्या का असं विचारत होते. २०२४ च्या १५ मेला सुप्रीम कोर्टाने ती अटकच बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं लेखी दिलीच नव्हती. सात महिने गेले तोवर, पंचाहत्तरीच्या घरातला माणूस.

आणि छोट्या चॅनलांची तर दोन्हीकडून कोंडी. वर्तमानपत्र-नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा आला त्यात यूट्यूब चॅनल बसत नाही, म्हणजे नोंदणी नाही, म्हणजे दारावर कार्ड विचारलं की तुम्ही कोणी नव्हे. पण २०२१ च्या आयटी नियमांत तुम्ही बातम्यांचे प्रकाशक, आचारसंहिता पाळा, तक्रार अधिकारी नेमा. त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई हायकोर्टाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्थगिती दिली ते बरं झालं. दोन पोरं, एक मोबाईल आणि उसना माईक, ती तक्रार अधिकारी कुठून आणणार.

हे सगळं मी भाच्याशी बोलले आणि मग त्याला जे ऐकायचं नव्हतं त्यावर आले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगारांना काढलं म्हणून गेटवर धरणं बसलं होतं. पोरं रोज तिथे जायची, पावसात, ताडपत्रीखाली बसून बायकांच्या मुलाखती घ्यायची, त्यातल्या कित्येकींना पगाराची स्लिप म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, पीएफ कापतात पण कुठे जातो ठाऊक नाही. कुठल्याही पेपरने ते केलं नव्हतं, दोन परिच्छेदांची प्रेसनोट लावून सगळे मोकळे. युनियनवाले भाषणात सांगायचे २०० कामगार काढले. पोरांनीही २०० म्हटलं. मी म्हटलं यादी आहे का? यादी मागितली तर पहिले तीन दिवस मिळेना, मिळाली तेव्हा त्यात ६४ नावं. बाकीच्यांचं कंत्राट आधीच संपलं होतं, काही सोडून गेले होते, काही दुसऱ्या कंत्राटदाराकडे त्याच गेटमधून आत जात होते. भाचा म्हणाला, "मावशे, आतां हें घालचें न्हय. कंपनीक फायदो जातलो." दोन दिवस आमचं त्यावरून वाजलं. माझं म्हणणं एवढंच होतं की ६४ घरांच्या चुली विझल्या हे कमी आहे का, २०० कशाला लागतात? आणि उद्या कंपनीच्या वकिलाने ती यादी लेबर कमिशनरपुढे ठेवली की त्या ६४ बायाही खोट्या पडतील.

शेवटी त्यांनी घातलं. आधी आम्ही २०० म्हटलं होतं ते चूक, यादीत ६४ आहेत, असं स्पष्ट सांगून. युनियनच्या लोकांनी महिनाभर पोरांशी बोलणं टाकलं, एकाने तर कंपनीकडून किती मिळाले असं तोंडावर विचारलं. भाचा त्या रात्री माझ्याकडे जेवायला आला आणि जेवला नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण मी तरीही म्हणेन की त्या दिवशी तो पत्रकार झाला. त्याआधी तो चांगल्या माणसांचा चांगला प्रचारक होता.

माझ्या लेखी सीमारेषा तिथे आहे. बाजू असण्यात नाही, मोर्च्यात चालण्यात नाही, कार्डात तर नाहीच नाही. आपल्याच लोकांना नको असलेली गोष्ट सापडली तर ती तुम्ही लावता का, त्यात आहे. आपल्या मनासारखा कागद हातात आला की उलट जास्त भीती वाटायला हवी. 'द वायर'सारख्या संस्थेचंही २०२२ च्या ऑक्टोबरात तेच झालं, फेसबुकवाली मेटा कंपनी आणि भाजपचा एक नेता ह्यांच्याबद्दलच्या बातम्या ज्या कागदांवर उभ्या होत्या ते कागद टिकले नाहीत, बातम्या मागे घ्याव्या लागल्या, वाचकांची माफी मागावी लागली. मी तेव्हा त्या बातम्या धडाधड फॉरवर्ड केल्या होत्या. मला त्या खऱ्या असायला हव्या होत्या, म्हणून मी विचारलंच नाही. डेस्कवरची अकरा वर्षं असून.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला अजून खोडता आलेला नाही, तो इथे लिहिते. तो म्हणतो, मोठ्या पेपरने चूक केली तर उद्या पुन्हा पेपर निघतो, जाहिराती येतात. आम्ही आमच्या बाजूच्या लोकांना दुखावलं तर महिन्याचे जे शंभर-दोनशे रुपये चाळीसजण पाठवतात तेही बंद होणार, मग चॅनल बंद, मग त्या बायकांच्या मुलाखती घेणार कोण? खरं आहे. त्या ६४ च्या व्हिडिओनंतर नऊजणांनी पैसे पाठवणं थांबवलं, त्यातले चार परत आले, पाच नाही आले. मालकाच्या पैशाचा दाब असतो तसा वाचकांच्या पैशाचाही असतो, आणि तो जास्त कठीण, कारण मालकाचा राग यायचा तरी, इथे तर आपलीच माणसं. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी महिन्याला पाचशे पाठवते, तेवढंच माझ्या हातात आहे.

ग्रामसभेच्या व्हिडिओबद्दल शेवटी आमचं जमलं. हेडिंग बदललं, खाली लिहिलं की सभेत प्रश्न विचारणारा हा ह्या चॅनलचाच आहे आणि त्या शेताच्या बाजूला त्याच्या घरची कुळागराची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीची, जमीन आहे. हो, तेही होतं, आणि ते त्याने आधी सांगितलंच नव्हतं. सरपंचांना फोन करून त्यांची बाजूही घेतली, सव्वा मिनिटाची, न कापता. ती ऐकल्यावर कळलं की पंचायतीने त्या कन्व्हर्जनला हरकत घेणारं पत्र आधीच पाठवलं होतं, म्हणजे धारेवर धरलं ते निम्मं चुकीच्या माणसाला. आता चॅनलच्या पानावर ते दर तिमाहीला किती पैसे आले आणि अंदाजे कुठून आले ते टाकतात, ते मीच हट्टाने करायला लावलं. आणि पुढच्या सभेत भाचा बोलणार असेल तर कॅमेरा आणि निवेदन मित्राचं, असं ठरलंय.

आता नवीन प्रकरण. शेजारच्या गावातल्या एका डोंगराचं कन्व्हर्जन झालंय, त्याविरुद्ध समिती आहे, पोरं समितीच्या प्रत्येक बैठकीला जातात, समितीवाले त्यांना घरच्यासारखं वागवतात, पाव-भाजी खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. गेल्या आठवड्यात पोरांनी विक्रीखतांच्या नकला काढल्या. जमीन विकणाऱ्यांत समितीतल्याच एकाचा सख्खा भाऊ आहे. तो समितीवाला स्वतः विक्रीत नाही, त्याला माहीत होतं की नव्हतं हेही अजून कळलेलं नाही, त्याला विचारलंय, तो उद्या बोलतो म्हणालाय.

व्हिडिओ शुक्रवारी लागायचाय. काल रात्री भाच्याने स्क्रिप्ट पाठवली, म्हणाला वाच आणि काय वाटतं ते सांग. मी आधी सरळ शेवटच्या पानावर गेले. भावाचं नाव आहे त्यात.